कऱ्हाडकरांचं नाव नीट छापायचं असेल तर: सॉफ्टवेअरमध्ये मराठी कशी बसवायची

मी अंधेरी पूर्वेला एका लहान कंपनीत बॅकएंडचं, म्हणजे पडद्यामागच्या सर्व्हर आणि डेटाबेसचं, काम करते. आमचे ग्राहक म्हणजे पतसंस्था आणि गृहनिर्माण सोसायट्या. लालबाग, गिरगाव, भांडुप, विक्रोळी अशा भागांतल्या. त्यांचं सभासद रजिस्टर मराठीत, नोटिसा मराठीत, वार्षिक सभेचं इतिवृत्त मराठीत. या कामातून माझं एक ठाम मत झालंय: सॉफ्टवेअरमध्ये मराठी बसवायची तर सुरुवात डेटाबेसपासून करायची आणि भाषांतर सगळ्यात शेवटी घ्यायचं. बहुतेक ठिकाणी उलटं होतं. बटणांवरचे शब्द मराठीत येतात, डेमो छान होतो, आणि मग काउंटरवर एखाद्या सभासदाच्या पासबुकात त्याचं आडनाव मोडकं छापून येतं. चाळीस वर्षं पै पै साठवलेल्या माणसाला स्वतःचं नाव तरी धड वाचता आलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. ते कसं जमवायचं, ते आम्ही ज्या क्रमाने करतो त्याच क्रमाने सांगते.

आधी नावं जमवा

कोडची एक ओळ लिहिण्याआधी चाचणीच्या नावांची यादी करा. 'राम', 'सीता', 'अमित' अशी सरळ नावं घेतलीत तर सगळं पहिल्याच दिवशी चालेल आणि काहीच कळणार नाही. आमच्या यादीत कऱ्हाडकर, बिऱ्हाडे, क्षितिजा, त्र्यंबक, हृषीकेश, ज्ञानदा, शार्ङ्गधर, ऋता, म्हात्रे, काळे आणि वसईकडचा ॲन्थनी आहेत. प्रत्येक नाव कशासाठी तरी आहे. कऱ्हाडकर 'ऱ्ह'साठी, शार्ङ्गधर रफार आणि 'ङ्ग' एकत्र येतात म्हणून, काळे क्रम लावताना 'ळ' कुठे जातो ते पाहायला, ॲन्थनी अर्धचंद्रासाठी.

ही यादी वेगळ्या फाइलमध्ये ठेवू नका, कोणी उघडत नाही. डेव्हलपमेंटच्या डेटाबेसमध्ये जी सुरुवातीची माहिती भरली जाते, तिच्यातच ही नावं घाला. मग स्क्रीन बनवणाऱ्यापासून चाचणी करणाऱ्या क्यूएपर्यंत सगळ्यांच्या डोळ्यांसमोर ती रोज येतात आणि मोडलेलं आडनाव कोणाच्याही नजरेला पडतं, मराठी न वाचणाऱ्याच्याही.

नावाचा फॉर्म कसा असावा हेही इथेच ठरवा. आपल्याकडे नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव, आडनाव अशी रीत आहे. शिवाय महाराष्ट्र शासनाच्या निर्णयानुसार १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या शासकीय कागदपत्रांवर स्वतःचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव असा क्रम असतो. 'फर्स्ट नेम' आणि 'लास्ट नेम' असे दोनच रकाने ठेवलेत तर या मुलांची खाती उघडताना आईचं नाव कुठेतरी कोंबावं लागेल. चार रकाने ठेवा. आईचं नाव ऐच्छिक ठेवा, पण त्याला स्वतःची जागा असू द्या.

अक्षर म्हणजे किती

युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणारी पद्धत, आणि तो क्रमांक म्हणजे कोड पॉइंट. त्यात देवनागरीचा विभाग यू-प्लस ०९०० पासून सुरू होतो आणि त्यातल्या प्रत्येक कोड पॉइंटला यूटीएफ-८ या साठवण्याच्या पद्धतीत ३ बाइट लागतात. 'मुंबई' आपण तीन अक्षरी म्हणतो: मुं, ब, ई. कॉम्प्युटरला त्यात ५ कोड पॉइंट दिसतात, कारण उकार आणि अनुस्वार वेगळे मोजले जातात. बाइट होतात १५. 'महाराष्ट्र' चार अक्षरी, कोड पॉइंट १०, बाइट ३०. जावास्क्रिप्टमध्ये लांबी विचारलीत तर उत्तर १० येईल.

याचा फटका सगळ्यात आधी डेटाबेसला बसतो. चाचणीसाठी रचलेलं एक नाव घ्या: त्र्यंबक विश्वनाथ कऱ्हाडकर. इंग्रजी लिपीत ते २९ बाइटमध्ये मावतं. मराठीत ७४ लागतात. ओरॅकलमध्ये व्हारचार-टू ५० असा कॉलम केलात तर मुळातल्या सेटिंगमध्ये ते ५० बाइट असतात, ५० अक्षरं नाहीत. म्हणजे मराठीचे जेमतेम १६ कोड पॉइंट. कॉलम करतानाच मोजमाप 'चार' (कॅरॅक्टर) आहे की 'बाइट' हे स्पष्ट लिहा. मायएसक्यूएलमध्ये 'यूटीएफ८' नावाचा जुना प्रकार ३ बाइटपर्यंतच घेतो. मराठी त्यात बसते, पण सोसायटीच्या तक्रारीत कोणी इमोजी टाकला की नोंद अडते, म्हणून 'यूटीएफ८एमबी४'च घ्या. एसक्यूएल सर्व्हरमध्ये कॉलम एनव्हारचार हवा आणि क्वेरीत मजकुराच्या आधी 'एन' हवा, नाहीतर नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग साठते. ती परत मिळवता येत नाही, मूळ नाव गेलेलं असतं.

मजकूर कापतानाही हेच. यादीत नाव लांब झालं म्हणून पहिले दहा कोड पॉइंट ठेवून बाकी तोडलंत तर शेवटचं अक्षर अर्धवट राहतं, पाय मोडलेलं. प्रोफाइलच्या गोलात पहिलं अक्षर दाखवायचं असेल तर क्षितिजाचा नुसता 'क' दिसतो आणि त्र्यंबकचा 'त'. यासाठी ग्राफीम क्लस्टरनुसार, म्हणजे वाचणाऱ्याला जे एक अक्षर वाटतं त्यानुसार, तोडणारी लायब्ररी वापरा. ब्राउझरमध्ये इंटल सेगमेंटर आहे. लायब्ररीची आवृत्ती मात्र पाहा. युनिकोड १५.१ मध्ये, म्हणजे २०२३ साली, देवनागरी जोडाक्षर मध्ये तोडू नये असा नियम आला. त्याआधीची लायब्ररी 'महाराष्ट्र'चे ६ तुकडे करते, नंतरची ४. सर्व्हर आणि मोबाइल ॲप यांत वेगवेगळ्या आवृत्त्या असतील तर एकाच नावाची लांबी दोन ठिकाणी दोन भरेल. म्हणून लांबीची मर्यादा एकाच ठिकाणी तपासा, सर्व्हरवर.

दिसायला सारखं, साठवणीत वेगळं

माझ्या मते हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे, आणि याकडेच सगळ्यात कमी लक्ष जातं. काउंटरवरचा कारकून नाव टाइप करून शोधतो, सभासद सापडत नाही, तो नवीन खातं उघडतो. एकाच माणसाची दोन खाती होतात. कारण काय, तर नोंद करणाऱ्याचा कीबोर्ड वेगळा होता आणि शोधणाऱ्याचा वेगळा.

'ॲ' घ्या. यू-प्लस ०९७२ हे त्याचं स्वतंत्र स्थान युनिकोड ५.१ मध्ये, २००८ साली आलं. त्याआधीचे आणि काही आताचेही कीबोर्ड 'अ' टाइप करून त्यावर अर्धचंद्र ठेवतात. पडद्यावर दोन्ही एकसारखे. युनिकोडच्या नियमांनुसार मात्र ते समतुल्य नाहीत, त्यामुळे एनएफसी नॉर्मलायझेशन (समतुल्य रूपं एका रूपात आणणारी युनिकोडची प्रक्रिया) चालवलं तरी एक होत नाहीत. 'ऑ'चंही तसंच: कोणी सरळ 'ऑ' टाइप करतो, कोणी 'आ'वर अर्धचंद्र देतो, कोणी 'अ'पुढे 'ॉ' लावतो.

'बँक' हा तर आमच्या धंद्यातला शब्द. कोणी चंद्रबिंदू देऊन 'बँक' लिहितो, कोणी अर्धचंद्र आणि वर अनुस्वार देऊन 'बॅंक'. 'काँक्रीट' आणि 'कॉंक्रीट' हीच जोडी पुढे काना लागल्यावर. माणसाला फरक कळतही नाही.

आणि मग 'ऱ्ह', 'ऱ्य' मधला अर्धा र. तो दोन प्रकारे साठतो. एक प्रकार: नुक्ता, म्हणजे खाली टिंब, असलेला 'ऱ', पाय मोडून, पुढे 'ह'. दुसरा: साधा 'र', पाय मोडून, मग झिरो विड्थ जॉइनर नावाचं न दिसणारं चिन्ह, मग 'ह'. एनएफसी हेही एक करत नाही. वर बऱ्याच टीममध्ये मजकूर 'साफ' करणारं एक फंक्शन असतं, जे न दिसणारी चिन्हं सरसकट काढून टाकतं. दुसऱ्या प्रकारातल्या कऱ्हाडकरांचं जॉइनर निघालं की 'ह'वर रफार चढतो आणि ते 'कर्हाडकर' होतात. अर्थही बदलतो: 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या, 'दर्या' म्हणजे समुद्र. सोसायटीच्या नोटिशीत 'आचाऱ्यांचे मानधन'चं 'आचार्यांचे मानधन' झालं तर स्वयंपाक करणाऱ्याऐवजी गुरुजींना पैसे मंजूर झाले असं वाचलं जाईल. मराठीसाठी लिहिलेल्या कोडमध्ये झिरो विड्थ जॉइनर आंधळेपणाने काढू नका.

उपाय असा. प्रत्येक नावाचे दोन कॉलम ठेवा. पहिल्यात माणसाने जे टाइप केलं तेच, फक्त एनएफसी करून आणि कडेच्या मोकळ्या जागा काढून. छपाई नेहमी याच कॉलममधून. दुसरा कॉलम शोधासाठीचा, कोणाला न दिसणारा. तो भरताना पायऱ्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी एनएफसी, म्हणजे 'र' अधिक नुक्ता असं आलं असेल तर त्याचा एकच 'ऱ' होतो. मग साधा र, पायमोड आणि जॉइनर अशी त्रिकूटं शोधून तिथे 'ऱ' आणि पायमोड घाला. मग 'अ'वरचा अर्धचंद्र 'ॲ'मध्ये, 'ऑ'चे सगळे प्रकार एका 'ऑ'मध्ये. अर्धचंद्र अधिक अनुस्वार असेल तिथे चंद्रबिंदू, आणि 'ॉ' अधिक अनुस्वार असेल तिथे काना आणि चंद्रबिंदू. देवनागरी आकडे असतील तर ते ० ते ९ च्या इंग्रजी आकड्यांत. हे सगळं झाल्यावरच उरलेले जॉइनर आणि नॉन-जॉइनर (जोडणी रोखणारं तसंच न दिसणारं चिन्ह) काढा. कारकुनाने टाइप केलेला शब्दही याच फंक्शनमधून जाऊ द्या आणि मग तुलना करा. पन्नासेक ओळींचं काम आहे, त्याच्या युनिट टेस्ट लिहायला कोडपेक्षा जास्त वेळ लागतो, आणि तो द्यावा.

डेटाबेसचं कोलेशन, म्हणजे मजकुराची तुलना आणि क्रम ठरवणारे नियम, काय करतं तेही एकदा हाताने पाहा. काही कोलेशन अनुस्वारासारख्या छोट्या फरकांकडे दुर्लक्ष करतात. 'संत' आणि 'सत' अशा दोन नोंदी युनिक (एकच मूल्य दोनदा न घेणाऱ्या) कॉलममध्ये टाकून बघा, दुसरी नाकारली जाते का ते. क्रम लावण्याचंही इथेच तपासा: युनिकोडच्या क्रमांकानुसार 'ळ' हा 'ल' आणि 'व' यांच्या मध्ये येतो, आपल्या वर्णमालेत 'ह'नंतर. म्हणजे नुसत्या क्रमांकानुसार लावलेल्या मतदार यादीत काळे हे काशीद आणि कासार यांच्या आधी येतील, आणि निवडणूक असलेल्या सोसायटीत सेक्रेटरी त्यावर बोट ठेवणारच. पोस्टग्रेसमध्ये आवृत्ती १० पासून आयसीयू या युनिकोड लायब्ररीची कोलेशन मिळतात, त्यातलं मराठीचं घ्या आणि चाचणीच्या यादीवर क्रम तपासा.

'नावात फक्त अक्षरं चालतील'

हा नियम जवळपास प्रत्येक फॉर्ममध्ये असतो. ए ते झेडच्या जागी 'कोणतंही युनिकोड अक्षर' असं लिहिलं की काम झालं असं वाटतं. पण युनिकोडमध्ये काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार आणि पायमोड यांची गणना 'लेटर'मध्ये होत नाही, 'मार्क'मध्ये होते. रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये, म्हणजे असा नियम लिहिण्याच्या पॅटर्नमध्ये, दोन्ही वर्ग घ्यावे लागतात, आणि झिरो विड्थ जॉइनरही. पायथनच्या मूळ 'आरई' मॉड्यूलमध्ये तर शब्द शोधणारा साधा पॅटर्न 'मराठी' या शब्दाचे 'मर' आणि 'ठ' असे दोन तुकडे करून देतो, काना आणि वेलांटी गळून जातात. त्यावर शोध किंवा टॅग बांधलेत तर सगळी इमारतच तिरकी. 'रेजेक्स' नावाचं वेगळं मॉड्यूल हे नीट सांभाळतं.

आकड्यांचंही ठरवून घ्या. ब्राउझरला मराठी लोकेल (भाषा आणि प्रदेशाची सेटिंग) देऊन रक्कम फॉरमॅट करायला सांगितली तर मुळातच देवनागरी आकडे येतात: १२,३४,५६७. लाख-कोटीचा स्वल्पविराम बरोबर पडतो, हे चांगलं आहे. मला नोटीस आणि पावतीवर देवनागरी आकडे आवडतात, ज्येष्ठ सभासदांनाही. पण खाते क्रमांक, आयएफएससी, यूटीआर (व्यवहाराचा क्रमांक) हे लोक दुसऱ्या ॲपमध्ये पाहून टाइप करतात, तिथे इंग्रजी आकडेच ठेवा. लोकेलच्या टॅगमध्ये अंकपद्धत 'लॅटिन' मागता येते. माणूस मात्र कुठल्याही आकड्यांत टाइप करू शकतो, तेव्हा दोन्ही स्वीकारा आणि आत येतानाच बदला. पायथन '१२' चं पूर्णांकात रूपांतर आनंदाने करतो, जावास्क्रिप्टला तो आकडाच वाटत नाही. हप्त्याची रक्कम अशा फटीत पडू देऊ नका.

जुना डेटा

पतसंस्थेचं काम घेतलंत तर जुना डेटा येणारच, आणि तो युनिकोडमध्ये नसणार. विंडोज २००० मध्ये मंगल फाँटसह देवनागरी युनिकोड आलं (तो फाँट आपल्या मुंबईतल्या र. कृ. जोशी यांनी घडवला), पण त्यानंतरही कितीतरी वर्षं संस्थांमध्ये श्रीलिपी आणि सीडॅकच्या आयएसएमचे फाँट चालत राहिले. त्या फाइलींत साठलेली असतात ती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, ठरावीक फाँट लावला तरच ती मराठी दिसतात. फाँट काढलात की पानभर गिचमीड.

आधी प्रत्येक कॉलमचा फाँट शोधा. एकाच टेबलमध्ये नावं एका फाँटमध्ये आणि पत्ते दुसऱ्यात असू शकतात, कारण मध्ये कधीतरी ऑपरेटर बदललेला असतो. जुन्या कॉम्प्युटरवर जाऊन बसा, छापलेलं रजिस्टर शेजारी ठेवा. हे काम फोनवरून होत नाही. मग त्या फाँटचा तक्ता करा: कोणतं चिन्ह म्हणजे कोणता आकार. हे फाँट अक्षर साठवत नाहीत, आकार साठवतात. 'श'चा अर्धा भाग एक आकार, काना दुसरा. ऱ्हस्व वेलांटी जशी दिसते तशी, अक्षराच्या आधी साठवलेली असते. युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर हवी, आणि जोडाक्षर असेल तर पूर्ण जोडाक्षर ओलांडून. रफाराचं उलट: फाँटमध्ये तो अक्षरानंतर येतो, युनिकोडमध्ये 'र' आणि पायमोड आधी हवेत. वेलांटी आणि रफार एकाच अक्षरावर आले की, 'वर्षिता', 'मूर्तिकार', तिथे बहुतेक तयार कन्व्हर्टर चुकतात. तपासायला अशीच नावं निवडा.

रूपांतर झालं की मूळ कॉलम पुसू नका. तो तसाच ठेवा, शेजारी नवा. मग जुनं छापील नाव आणि नवं नाव अशा दोन रकान्यांची यादी काढून संस्थेतल्या कारकुनाकडे द्या आणि प्रत्येक ओळीवर खूण करून घ्या. सभासद त्याच्या ओळखीचे असतात, 'हा गुरव नाही, गुरवे' हे तोच सांगू शकतो. या खुणा करण्याचे दिवस प्रोजेक्टच्या वेळापत्रकात लिहा आणि संस्थेलाही आधी सांगा, म्हणजे मार्चअखेरच्या गर्दीत हे काम त्यांच्यावर आदळणार नाही.

वाक्यं जोडू नका

आता भाषांतर. इंग्रजी स्ट्रिंगमध्ये नाव आणि ठिकाण घालायला रिकामी जागा सोडतात आणि पुढे प्रत्यय चिकटवतात. मराठीत हे चालत नाही, कारण प्रत्यय लागताना शब्दाचं रूप बदलतं. दादरला, घाटकोपरला, विक्रोळीला, इथपर्यंत ठीक. मग कुर्ला येतं आणि प्रोग्राम लिहितो 'कुर्लाला', ठाणे येतं आणि 'ठाणेला'. बोलताना कोणीही कुर्ल्याला, ठाण्याला म्हणतो. सगळ्या नावांची सामान्यरूपं साठवण्यापेक्षा वाक्य असं बांधा की नाव मूळ रूपात राहील: 'ठाणे येथे', 'शाखा: कुर्ला'. माणसांच्या नावापुढे 'यांनी', 'यांना', 'यांचे' वापरा. 'संगीता म्हात्रे यांनी' हे बरोबरही आहे आणि मानाचंही आहे, शिवाय लिंगाचा प्रश्न टळतो.

क्रियापद कर्मानुसार बदलतं हे लक्षात ठेवा: हप्ता भरला, रक्कम भरली, शुल्क भरलं. 'भरला' हा एक शब्द वेगळा ठेवून त्यापुढे वेगवेगळी नामं लावता येणार नाहीत. प्रत्येक व्यवहाराचं पूर्ण वाक्य वेगळं लिहा. वाक्यांची संख्या वाढते, वाढू द्या.

एसएमएसला वेगळं गणित आहे. इंग्रजी एसएमएसमध्ये १६० अक्षरं मावतात. त्यात मराठीचा एक जरी वर्ण आला तरी पूर्ण संदेश युनिकोडमध्ये जातो आणि मर्यादा ७० कोड पॉइंटवर येते. लांब संदेशाचे तुकडे होतात तेव्हा प्रत्येकात ६७. पैसे तुकड्यागणिक लागतात. ₹ हे चिन्हही इंग्रजी एसएमएसच्या जुन्या अक्षरसंचात नाही, त्यामुळे बाकी सगळा मजकूर इंग्रजी असूनही खर्च वाढतो. (पवईच्या आयआयटीत शिकलेल्या डी. उदय कुमार यांनी ते चिन्ह घडवलं आणि २०१० साली ते स्वीकारलं गेलं. पावतीवर ते जरूर छापा, इंग्रजी एसएमएसमध्ये 'रु.'चं इंग्रजी लिपीतलं रूप वापरा.) मराठी संदेश आखूड लिहायला बसा. 'आपल्या सदनिकेची' ऐवजी सदनिका क्रमांक पुरतो. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या नियमांप्रमाणे संदेशाचं टेम्प्लेट डीएलटी या नोंदणी प्रणालीवर नोंदवावं लागतं, आणि नोंदणीनंतर एक वेलांटी बदलली तरी संदेश अडू शकतो. म्हणून शुद्धलेखन नोंदणीच्या आधी तपासून घ्या.

पडदा आणि कागद

हे थोडक्यात. पानाच्या एचटीएमएलमध्ये भाषा मराठी असल्याचं सांगा. ज्या फाँटमध्ये सोय आहे त्यात मग पाकळीचा ल आणि देठाचा श आपोआप येतात. मुंबईच्याच एक टाइपने केलेला 'मुक्त' फाँट खुल्या परवान्यावर आहे आणि लहान आकारातही वाचता येतो. अक्षरांमधलं अंतर वाढवणारी सीएसएस मराठीला लावू नका, शिरोरेषा तुटते. ओळीची उंची इंग्रजीपेक्षा जास्त ठेवा, नाहीतर 'र्की'चा वरचा आणि 'ट्टू'चा खालचा भाग कापला जातो.

पीडीएफ हा मोठा खड्डा आहे. पुष्कळ लायब्रऱ्या वर्ण एकापुढे एक मांडतात, जोडाक्षर घडवत नाहीत आणि वेलांटी चुकीच्या बाजूला टाकतात. पान एचटीएमएलमध्ये बनवून क्रोमकडून पीडीएफ करून घेतलं तर हार्फबझ इंजिन अक्षरं नीट घडवतं. काउंटरवरच्या पावतीच्या छोट्या प्रिंटरला आणि पासबुकच्या डॉट मॅट्रिक्सला मजकूर म्हणून मराठी पाठवू नका, चित्र करून पाठवा. वेळ थोडा जास्त लागतो. सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये उघडणार असेल तर सुरुवातीला बीओएम (मजकूर युनिकोडमध्ये आहे हे सांगणारी खूण) घाला.

ऑफिसात हे काम कसं मिळवायचं

स्प्रिंट प्लॅनिंगमध्ये, म्हणजे पुढची कामं ठरवण्याच्या बैठकीत, 'मराठी सपोर्ट' नावाचं एकच तिकीट आणलंत तर ते पुढच्या महिन्यावर ढकललं जाईल, आणि पुढच्या महिन्यातही. तुकडे करा, आणि प्रत्येक तुकड्यात ग्राहकाचं काय अडलं ते लिहा. 'कोलेशन बदलणे' असं लिहू नका, 'शोधात सभासद सापडत नाही, दुसरं खातं उघडलं जातं' असं लिहा आणि स्क्रीनशॉट लावा. मॅनेजर केरळचा असो की पंजाबचा, दुहेरी खातं त्याला लगेच कळतं. माझा अनुभव असा की मराठी न येणारे सहकारी या कामात मनापासून उतरतात. त्यांच्या भाषेतही हेच प्रश्न असतात, आणि तमिळ किंवा बंगाली सांभाळताना त्यांनी काढलेली तोड तुम्हालाही कामी येते.

एका गोष्टीवर मात्र ठाम राहा. टीममध्ये तुम्ही एकटेच मराठी असलात तर रिलीजच्या संध्याकाळी सहा वाजता 'तुला येतं ना, एवढ्या दोनशे स्ट्रिंग बघून टाक' असं होतं. ते काम तुमच्या अंदाजात धरलेलं नसतं, रात्री नऊच्या लोकलपर्यंत ते चालतं, आणि घाईत केलेलं भाषांतर हजारो सभासद वर्षानुवर्षं वाचतात. भाषांतर हे कौशल्याचं काम आहे. त्यासाठी अनुवादक घ्यायला सांगा, त्याला मजकुरासोबत स्क्रीन दाखवा, त्याचे पैसे बजेटमध्ये लिहायला लावा. तुमचा वाटा तपासणीचा, आणि तोही तासांत लिहिलेला.

रिलीजच्या आदल्या आठवड्यात लॅपटॉप घेऊन एका संस्थेच्या काउंटरवर अर्धा दिवस बसा. सोबत चाचणीची यादी घ्या. कारकुनाला त्याच्या नेहमीच्या कीबोर्डवर, मग तो इनस्क्रिप्ट असो वा फोनेटिक, कऱ्हाडकर, ॲन्थनी आणि शार्ङ्गधर टाइप करायला सांगा. तीच नावं तुमच्या फोनवरून शोधा. मग पासबुक छापा, पावती काढा, एसएमएस पाठवा, पीडीएफ उघडून त्यातलं नाव कॉपी करून पुन्हा शोधाच्या चौकटीत टाका. ज्या पायरीवर नाव बदललं तिथे खूण करा आणि तिथल्या तिथे तिकीट लिहा, काउंटरचा फोटो जोडून.